गवत चढलेल्या पायऱ्या

पोलंडच्या पश्चिम भागात पोझ्नान नावाचे एक जुने व्यापारी शहर आहे. त्या शहरातील विल्दा या कामगारवस्तीला लागून एक प्रचंड वाटोळा खळगा आहे. हा खळगा निसर्गाने केलेला नव्हे. माणसांनी भोवती माती रचून त्याला आकार दिला, आतल्या उतारावर एकाखाली एक अशा बाकांच्या रांगा बसवल्या आणि मधे हिरवळ राखली. १९९०च्या दशकात तिथला खेळ थांबला. त्यानंतर कुणी हात न लावता बी पडत गेले, रोपे रुजत गेली आणि जिथे साठ हजार माणसे दाटीवाटीने बसत, तिथे झाडांचे रान माजले. बाके कुजली, काँक्रीटला भेगा पडल्या, भेगांतून मुळे शिरली. फुटबॉलचे हे मैदान एडमुंड शित्स यांच्या नावाने ओळखले जाते. शित्स हे वार्ता या क्लबच्या संस्थापकांपैकी एक. क्लब १९१२ साली निघाला, म्हणजे पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता आणि पोझ्नानवर जर्मन सम्राटाचा अंमल होता तेव्हा.

या खळग्याने तीन जन्म पाहिले. पहिला १९२९ चा. नव्या पोलंडला दहा वर्षे झाली म्हणून पोझ्नानात मोठे राष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने हे मैदान बांधले गेले. आणि त्याच वर्षी वार्ता संघ देशाचा विजेता ठरला. दुसरा जन्म १९४१ चा. जर्मनांनी पोझ्नान पुन्हा आपल्या राज्यात घातले होते. या मैदानावर त्यांनी ज्यू वेठबिगारांची छावणी केली. ती १९४३ पर्यंत चालली. इथल्या आणि शहराभोवतीच्या अशाच छावण्यांतल्या माणसांना रस्ते, मातीकाम आणि तलाव खोदण्यासाठी राबवले जाई; उपासमारीने माणसे मेली, काहींना फाशी देण्यात आले. तिसरा जन्म युद्धानंतरचा. तेव्हा मैदान आणखी वाढवले, आणि पुन्हा तिथे रविवारची गर्दी लोटू लागली. ज्या पायऱ्यांवर लोक ओरडत, हसत, घरून आणलेली पावभाकरी खात, त्या पायऱ्यांना त्या दोन वर्षांचीही आठवण होती. चौथी अवस्था अर्थात रानाची.

आपण मराठी माणसे पडक्या वास्तूंची भाषा जाणतो. ढासळलेला बुरूज दिसला की आपले मन आपोआप मागे जाते. कोणी बांधला, कोणी जिंकला, तोफ कोठून लागली, हे विचारल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. परंतु किल्ले राजांचे असतात. ज्यांच्या अंगात राजरक्त नव्हते आणि ज्यांचे नाव बखरीत येण्याचे कारण नव्हते, त्या माणसांनी आपल्यासाठी काय बांधले? विसाव्या शतकातल्या पोलंडपुरते या प्रश्नाचे एक उत्तर असे देता येईल, की त्यांनी फुटबॉलची मैदाने बांधली. या देशाच्या सीमा गेल्या शतकात इतक्या वेळा पुसल्या आणि काढल्या गेल्या, की सरकारी दप्तरावर विसंबून तिथल्या सामान्य माणसाचा इतिहास लिहिणे कठीण. दप्तराची भाषाच तीनदा बदलली. मैदान मात्र जागचे हलले नाही. म्हणून ते वाचायला शिकले पाहिजे.

वाचायचे तर आधी त्या मैदानांची उतरंड ठाऊक हवी. पोलंडमध्ये सर्वांत वर मोठी लीग. ती दूरचित्रवाणीवर दिसते, तिची मैदाने काचेची आणि पोलादाची. तिच्या खाली पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा लीगा. त्याखाली जिल्हा वर्ग, मग 'अ' वर्ग आणि मग 'ब' वर्ग. खालच्या पायऱ्यांवरचे खेळाडू आठवडाभर गोदामात, गिरणीत, शेतावर काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी खेळतात. पैसे नावापुरते, बहुधा नाहीतच. आपण ज्या पडक्या मैदानांविषयी बोलतो आहोत ती बहुतेक या खालच्या पायऱ्यांवर आढळतात. पण नवलाची गोष्ट अशी, की त्यांतली कित्येक मुळात तिथली नव्हेत. ती वरून खाली आलेली आहेत. तीसशे माणसे जमली तर पुष्कळ, अशा सामन्याच्या भोवती तीस हजारांच्या पायऱ्या उभ्या असतात. लहान मुलाने आजोबांचा कोट घालावा तसा तो खेळ त्या मैदानात दिसतो.

हा कोट शिवला कोणी, हे क्लबांची नावे सांगतात. 'गुर्निक' म्हणजे खाणकामगार. 'हुत्निक' म्हणजे पोलादाच्या भट्टीवरचा कामगार. 'कोलेयाझ' म्हणजे रेल्वेतला माणूस. 'व्वुक्न्याझ' म्हणजे कापडगिरणीतला. 'स्ताल' म्हणजे चक्क पोलाद. क्राकूव शहरात 'गार्बार्न्या' नावाचा क्लब आहे, त्याचा अर्थ चामडे कमावण्याचा कारखाना. हा चांभारकीचा संघ १९३१ साली देशाचा विजेता झाला होता. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा तर जुनी नावे पुसून धंदेवार नावेच देण्यात आली. क्राकूवचा विस्वा संघ काही वर्षे 'ग्वार्द्या' झाला, होझूफचा रुख 'उन्या' झाला, पोझ्नानचा लेख 'कोलेयाझ' झाला. १९५६ साली राजकीय वारे जरा सैल झाले आणि लोकांनी सर्वांत आधी ज्या गोष्टी परत मागितल्या, त्यांत क्लबांची जुनी नावे होती.

नाव कोणतेही असो, व्यवहार एकच होता. खाण किंवा कारखाना हा क्लबचा अन्नदाता. खेळाडूचे नाव खाणीच्या हजेरीपटावर असे. तो भूगर्भात उतरला नाही तरी पगार खाणकामगाराचा मिळे. मैदानाची डागडुजी कारखान्याचे गवंडी करत, सामान कारखान्याच्या वखारीतून येई. मैदानाला लागून जलतरणाचा तलाव, वाचनालय, मुलांचे शिबिर असा सगळा संसार असे. यात राजवटीचा स्वार्थ होता हे उघड आहे. रविवारी मैदानात ओरडणारा माणूस सोमवारी सभेत ओरडत नाही, हे सत्ताधाऱ्यांना कोठेही कळते. तरीही त्या संसाराचा उपभोग घेणाऱ्या माणसाला तो खोटा वाटत नव्हता. आठ तास जमिनीखाली काढून वर आलेल्या माणसाला उघडे आकाश आणि चार ओळखीची माणसे लागत, आणि ती त्याला तिथे मिळत.

आता त्या मातीकडे वळू. काँक्रीट आणि लोखंड महाग, माती स्वस्त. म्हणून बहुतेक मैदानांचा घेर हा मातीचा बांध आहे आणि त्यावर पायऱ्या. परंतु माती म्हणजे नुसती माती नव्हे. १९४४ चा उठाव मोडल्यावर जर्मनांनी वॉर्सा शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केले. युद्ध संपले तेव्हा घरांचे ढिगारे एवढे होते की ते टाकायचे कोठे हाच प्रश्न पडला. त्यातला काही भाग विस्वा नदीच्या पलीकडच्या काठावर गेला आणि त्याच ढिगाऱ्यांवर नव्या राजवटीने आपले दशवार्षिक मैदान उभे केले. अकरा महिन्यांत काम पुरे करून २२ जुलै १९५५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सत्तर हजारांची बैठक. प्रसंगी लाख माणूस मावे. त्या उंचवट्यावर बसलेला प्रेक्षक स्वतःच्या जुन्या घराच्या विटांवर बसला होता असे म्हटले तर ते निव्वळ अलंकारिक ठरणार नाही.

याच मैदानावर ८ सप्टेंबर १९६८ रोजी सुगीचा राष्ट्रीय उत्सव चालू होता. मधे नाच चालले होते, भोवती सुमारे लाख माणसे होती. त्या गर्दीत रिशार्द शिव्येत्स नावाच्या एकोणसाठ वर्षांच्या, पाच मुलांचा बाप असलेल्या हिशेबनिसाने स्वतःला पेटवून घेतले. चेकोस्लोव्हाकियावर चाल करून गेलेल्या फौजांत पोलंडचीही फौज होती, त्याचा हा निषेध. चार दिवसांनी तो मेला. नाच थांबले नाहीत, आणि वृत्तपत्रांत बातमी आली नाही. जवळ बसलेल्यांनी पाहिले आणि दूर बसलेल्यांना कळलेच नाही, इतके ते मैदान मोठे होते. पुढे १९८०च्या दशकात ते ओस पडू लागले. १९८९ नंतर त्याच्या माथ्यावर युरोपातला एक अफाट उघडा बाजार भरला. कपडे, कॅसेटी, दुर्बिणी, काय वाटेल ते मिळे; व्हिएतनामहून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे आपली एक वस्तीच थाटली. २००८ पासून ते पाडण्यात आले आणि त्याच जागी नवे राष्ट्रीय मैदान २०१२ साली खुले झाले. लगतच्या एका रस्त्याला आज शिव्येत्सचे नाव आहे.

मोठ्या मैदानाला पुनर्जन्म मिळाला, कारण राष्ट्राला त्याची गरज होती. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका मैदानाची गोष्ट निराळी झाली. ग्वार्द्या वॉर्सा हा पोलिसदलाचा क्लब. १९५५ साली युरोपातल्या क्लबांची स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा त्या पहिल्या सोळा संघांत पोलंडकडून ग्वार्द्या होता. स्वीडनच्या संघाशी एक सामना बरोबरीत सुटला, दुसरा हरला. पोलिसांवर लोकांचे प्रेम कोठे असते? राजवट गेली तेव्हा क्लबच्या बाजूने रडायला फारसे कोणी उरले नव्हते. त्याचे मैदान झुडपांनी गिळले. ज्या सोळा संघांपासून आजची कोट्यवधींची स्पर्धा सुरू झाली, त्यांतल्या एकाचे घर असे मिटून गेले.

राजधानी सोडून आता दक्षिणेला, सायलेशियाच्या कोळशाच्या पट्ट्यात जाऊ. इथे शहरे एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की एक संपून दुसरे कोठे सुरू झाले ते ट्रामच्या वाहकालाच ठाऊक. होझूफ हे त्यांतले एक. तिथे चिखा नावाचा रस्ता आहे. त्या शब्दाचा अर्थ 'शांत'. या शांत रस्त्यावर १९३५ साली रुख क्लबचे मैदान उघडले. तिथे एर्नेस्त विलिमोव्स्की खेळे. हा १९१६ साली कातोवित्सेत जन्मला, तेव्हा ते शहर जर्मन साम्राज्यात होते. मुलगा शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा ते पोलंडमध्ये आले. १९३८ साली जागतिक स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध त्याने एकट्याने चार गोल केले. पोलंड तरीही ५-६ असा हरला. २७ ऑगस्ट १९३९ रोजी वॉर्सात पोलंडने हंगेरीला ४-२ हरवले, त्यात तीन गोल त्याचे. पाचव्या दिवशी युद्ध पेटले. कातोवित्से पुन्हा जर्मन झाले आणि विलिमोव्स्की जर्मनीच्या संघातून खेळला. पोलंडसाठी २१ गोल, जर्मनीसाठी १३. युद्धानंतर तो जर्मनीतच राहिला, १९९७ साली वारला. आणि पोलंडमध्ये कित्येक वर्षे त्याचे नाव उच्चारणे शिष्टसंमत नव्हते. तो देशद्रोही होता की नुसता एका खाणपट्ट्यातला मुलगा, ज्याच्या पायाखालून देश सरकत राहिला? निर्णय ज्याने त्याने करावा. चिखा रस्त्यावरच्या पायऱ्यांनी त्याला टाळ्या दिल्या तेव्हा त्याचे राष्ट्रीयत्व विचारले नव्हते, एवढे मात्र खरे.

त्या मैदानाचेही वय झाले. चौदा वेळा देशाचा विजेता ठरलेला रुख २०१९ साली चौथ्या पायरीपर्यंत घसरला. तिथून तो पुन्हा चढू लागला, तर मैदानाने साथ सोडली: दिव्यांचे मनोरे धोकादायक ठरून उतरवावे लागले, आणि २०२३ च्या वसंतात रुखला शेजारच्या शहरात उसन्या मैदानावर खेळावे लागले. त्याच वर्षी तो वरच्या लीगमध्ये परतला. संघ वर आणि मैदान खाली, असा हा विपरीत योग.

होझूफजवळच बितोम आहे. १९४५ पर्यंत हे जर्मनीत होते. युद्धानंतर विजेत्यांनी पोलंड देशच उचलून पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाला गेला, पश्चिमेकडचा जर्मन मुलूख पोलंडला मिळाला. जर्मनांना घरे सोडावी लागली आणि त्या रिकाम्या घरांत पूर्वेकडून उठवलेली पोलिश माणसे आली. पूर्वेच्या ल्वूफ शहरात पोगोन नावाचा क्लब होता, १९०४ साली निघालेला, चार वेळा देशाचा विजेता. ल्वूफ गेले तेव्हा क्लबही गेला. परंतु त्या शहराची पुष्कळ माणसे बितोमला आली होती. त्यांनी तिथल्या पोलोन्या क्लबमध्ये जीव ओतला आणि आपल्या पोगोनचे लाल-निळे रंग त्याला दिले. १९५४ आणि १९६२ साली हा क्लब देशाचा विजेता झाला. नव्या घराच्या भिंतींवर जर्मन अक्षरे होती, कपाटात दुसऱ्याची भांडी होती. आपले म्हणावे असे त्या माणसांजवळ फारसे काही नव्हते. रविवारी दोन रंग मात्र आपले होते.

या विस्थापनाशी महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे आणि तो विसरता कामा नये. पोलंडचा पूर्व मुलूख १९३९ साली सोव्हिएत फौजांनी घेतला तेव्हा तिथली लाखो माणसे सैबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे हाकलली गेली. त्यांतली काही इराणमार्गे बाहेर पडली, आणि सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे राहिली. युद्ध संपले तेव्हा त्यांना परत जाता येईना, कारण ज्या गावाला परत जायचे ते गाव परदेशात गेले होते. वळीवड्यात बसून ज्यांनी ही बातमी ऐकली आणि ल्वूफहून मालगाडीत बसून जे बितोमला उतरले, ती एकाच फाटलेल्या वस्त्राची दोन टोके होत. पेठेपेठेचा फुटबॉल संघ जिवापाड जपणाऱ्या कोल्हापूरकराला बितोमच्या त्या दोन रंगांचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बितोमचाच दुसरा क्लब शोंब्येर्की. हा खरा खाणीचा क्लब, त्याच नावाच्या खाणवस्तीतला. १९८० साली हुबेर्त कोस्त्का या ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेल्या गोलरक्षकाच्या मार्गदर्शनाखाली या वस्तीच्या संघाने चक्क देशाचे विजेतेपद पटकावले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, 'सॉलिडॅरिटी' जन्मली आणि पुढच्या नऊ वर्षांत ती सारी राजवट खिळखिळी झाली. कामगारांच्या नावाने चालणारे राज्य कामगारांनीच उलथले. परंतु त्या राज्याबरोबर काय काय जाणार आहे याचा हिशेब त्या वेळी कोण मांडणार? १ जानेवारी १९९० पासून अर्थव्यवस्था एका झटक्यात बाजाराच्या हवाली झाली. तोट्यातले कारखाने बंद पडले, राहिले ते खर्च कापू लागले. आणि खर्च कापायचा तर वाचनालय, शिबिर आणि मैदान यांच्यापासूनच सुरुवात होते. मैदाने नव्यानेच जन्मलेल्या नगरपालिकांच्या पदरात पडली. त्यांच्या तिजोरीत रस्ते दुरुस्त करायलाही पैसा नव्हता. शोंब्येर्की खाणीचे स्वतंत्र अस्तित्व १९९०च्या दशकातच संपले, आणि एके काळी युरोपच्या स्पर्धेत तुर्कस्तानच्या विजेत्यांना हरवणारा क्लब प्रादेशिक लीगच्या पायऱ्या उतरत गेला. भिंती ढासळल्या, लोखंड गंजले, उतारावर गवत चढले.

बितोममध्ये तर जमीनही विश्वासाची राहिली नाही. शंभर-दीडशे वर्षे पोखरलेली ती धरणी. कोळसा काढलेली पोकळी कधी ना कधी खचतेच. २०११ साली कार्ब या भागात घरांना तडे गेले, कुटुंबांना रातोरात घरे सोडावी लागली. ज्या खाणीने मैदान दिले तिनेच त्या गावाच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. देणे आणि घेणे एकाच हाताचे असले म्हणजे माणसाला कृतज्ञ व्हावे की रागवावे हे कळत नाही.

नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या वाउब्झिख शहराची कथा थोडक्यात सांगतो. तेही १९४५ पूर्वी जर्मन. पूर्वेकडचे निर्वासित तर तिथे आलेच, शिवाय फ्रान्स-बेल्जियमच्या खाणींत पोटासाठी गेलेले पोलिश खाणकामगारही परतून आले. इतके की तिथल्या एका खाणीला फ्रेंच कम्युनिस्ट पुढारी मोरिस थोरेझ याचे नाव होते. या शहराच्या झाग्वेंब्ये संघाने १९७१ साली देशात तिसरे स्थान मिळवले. १९८०च्या दशकात दुसरा संघ गुर्निक वरच्या लीगमध्ये खेळला. मग १९९०च्या दशकात शहरातल्या सर्व खाणी एकामागून एक बंद झाल्या. थोरेझ खाण १९९६ साली बंद पडली. आज तिथे संग्रहालय आहे. खाण संग्रहालयात गेली, कारण तिची यंत्रे पाहण्याजोगी आहेत. मैदानांना संग्रहालयात कोण घेणार? वाउब्झिखचे दोन्ही क्लब खालच्या लीगांत गेले.

येथवर ज्यांची मैदाने पडली त्यांच्याविषयी लिहिले. परंतु पोलंडमध्ये अशीही मैदाने आहेत, जिथे मैदान उरले आणि माणसे नाहीशी झाली. २८ मे १९२२ रोजी पोलंडच्या राष्ट्रीय संघाने स्टॉकहोममध्ये स्वीडनला २-१ हरवले. पोलंडच्या इतिहासातला पहिला आंतरराष्ट्रीय गोल त्या दिवशी युझेफ क्लोत्स याने केला. तो क्राकूवच्या युत्शेंका या ज्यू क्लबचा खेळाडू. 'युत्शेंका' म्हणजे पहाट. १९२७ साली देशाची लीग सुरू झाली तेव्हा युत्शेंका तिच्या मूळ संघांत होता. क्लोत्सला नात्सींनी १९४१ साली वॉर्सात ठार मारले. क्राकूवच्याच मकाबी या ज्यू क्लबचे मैदान राजवाड्याच्या टेकडीपासून जवळ, नदीच्या बाजूला होते. युद्धानंतर ते दुसऱ्या क्लबकडे गेले आणि खेळ चालू राहिला. वॉर्सात ओकोपोवा रस्त्यावर स्क्रा या कामगार क्लबचे मैदान होते, ज्यू दफनभूमीला अगदी लागून. १९४० साली ज्यूंना भिंतीआड कोंडले, भुकेने आणि टायफसने माणसे रोज मरू लागली, दफनभूमीत जागा पुरेना. तेव्हा त्या मैदानात सामुदायिक खड्डे खणले गेले. आज तिथे स्मारक आहे. मैदानाचा इतिहास म्हणजे केवळ गोलांचा इतिहास असे ज्यांना वाटते, त्यांनी ओकोपोवाचे नाव ध्यानात ठेवावे.

अलीकडे या पडक्या मैदानांना एक नवा भक्तवर्ग लाभला आहे. जर्मनीतून, इंग्लंडमधून, खुद्द पोलंडच्या मोठ्या शहरांतूनही हौशी मंडळी कॅमेरे घेऊन येतात. गंजलेले फाटक, मोडके घड्याळ, बाकांमधून उगवलेले बर्चचे झाड यांची चित्रे काढतात आणि हळहळतात. त्यांच्या घरच्या शहरांतली मैदाने चकचकीत आणि एकसारखी झाली, म्हणून त्यांना इथले गंजणे खरे वाटते. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. त्यांच्यामुळे कित्येक मैदानांची निदान नोंद झाली. पण गंज ज्याच्या गावात आहे त्याला गंज सुंदर वाटत नाही. आपल्याकडेही किल्ल्याच्या ढासळत्या तटावर बसून सूर्यास्त पाहणारे पुष्कळ, आणि खाली गावात बाईला पाण्यासाठी दोन कोस जावे लागते हे विचारणारे थोडे. बितोमच्या किंवा वाउब्झिखच्या माणसाला विचारले, तर तो म्हणेल की मला छप्पर द्या, मुलांना कपडे बदलायला खोली द्या, शौचालय द्या. आणि नगरपालिकेने जुना बांध सपाट करून पाचशे माणसांची स्वच्छ बैठक बांधली, तर त्यात गैर काय?

मला वाटते गैर काही नाही, अट एकच. सपाट करण्यापूर्वी वाचून घ्यावे. कोणत्या खाणीच्या मातीचा हा बांध, कोणत्या वर्षी कोणी रचला, छावणी होती काय, कोणत्या शहरातून आलेल्या माणसांनी आपले रंग इथे लावले, हे कुठेतरी लिहिलेले असावे. आणि नसेल तर लिहून ठेवणारा माणूस त्या गावच्या शाळेत निघावा. गार्बार्न्याचे नदीकाठचे मैदान १९७०च्या दशकात एका मोठ्या हॉटेलसाठी घेतले गेले. हॉटेल १९८०च्या दशकाच्या अखेरीस उघडले आणि २००२ साली बंदही पडले. चामड्याच्या कारखान्याचे मैदान पाडून उभी केलेली भव्यता मैदानाइतकेही टिकली नाही. क्लब मात्र दुसरीकडे हलून खेळत राहिला. ल्वूफमध्ये, जे आज युक्रेनमध्ये आहे, तिथल्या उरल्यासुरल्या पोलिश मंडळींनी २००९ साली पोगोन हे नाव पुन्हा उभे केले आणि स्थानिक हौशी लीगमध्ये खेळायला सुरुवात केली. म्हणजे नाव टिकवायला पायऱ्या लागतातच असे नाही. माणसे लागतात.

आणि माणसे आहेत. पोलंडमधल्या 'ब' वर्गाच्या सामन्याला कोणतेही वर्तमानपत्र वार्ताहर पाठवत नाही. सामन्याआधी क्लबचा एखादा म्हातारा सभासद फक्कीची गाडी घेऊन मैदानात उतरतो. जाळी फाटली असेल तर सुतळीने बांधतो. पायऱ्यांच्या ज्या दोन रांगा अजून बसण्याजोग्या आहेत त्यांवरचे गवत काढतो, बाकीच्यांना हात लावत नाही; ते त्याच्या एकट्याच्या शक्तीबाहेरचे आहे. मग तो कोपऱ्यातून सुरुवात करून पांढरी रेघ ओढतो. रेघ नियमाप्रमाणे सरळ असावी लागते, कारण पंच बाहेरगावचा असतो आणि तो ती तपासतो.